घरी अभ्यासच नाही होऊन राहिला

मेस लावावी, क्लास लावावा, तशी नागपूरच्या नंदनवन भागातली पोरं अभ्यासिका लावतात. ग्रेट नाग रोडवरचं केडीके अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासूनचं. त्याच्या आसपासच्या वस्त्यांत बाहेरगावच्या मुलांच्या खोल्या आहेत, आणि एमपीएससी, नीट, बँक, पोलीसभरती अशा एक ना अनेक परीक्षांची तयारी घरोघरी चालू असते. अभ्यासिकेत प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक दिवा नि एक चार्जिंग पॉइंट, दाराशी चपलांचा ढीग. टेबल, पंखा, पुस्तकं हे सगळं घरीही असतं. मग महिन्याची फी कशासाठी? विचारलं तर उत्तर ठरलेलं: "घरी अभ्यासच नाही होऊन राहिला."

बहुतेकांच्या बाबतीत यामागे घरातला टीव्ही, पाहुणे आणि लहान भावंडं असतात. काहींच्या बाबतीत मात्र कारण मेंदूत असतं. पुस्तक उघडून तास होतो, पान तेच राहतं. फॉर्म भरायची शेवटची तारीख माहीत असते, तरी तो शेवटच्या रात्री भरला जातो किंवा राहूनच जातो. अशीच एखादी मुलगी आवडत्या विषयात मात्र चार तास बुडून जाते, म्हणून घरचे म्हणतात, "मनात आणलं तर करते की!" या अडचणीचं नाव एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. ती ओळखू न येण्यामागे हे वाक्य फार मोठं कारण आहे.

जगभरातल्या पाहण्या एकत्र करून काढलेला एडीएचडीच्या प्रमाणाचा अंदाज मुलांमध्ये सुमारे ५ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे २.५ टक्के आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७४ टक्क्यांच्या आसपास निघतो. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूंची तुलना इतर तितक्याच मुलांशी केली. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी कमाल मर्यादेला पोचण्याचं मध्यक वय इतर मुलांत साडेसात वर्षं होतं, तर एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. २००९ साली नोरा व्होल्कोव यांनी कधीही औषध न घेतलेल्या ५३ प्रौढांचे मेंदू तपासले. बक्षिसाची ओढ आणि प्रेरणा यांच्याशी संबंधित भागांत डोपामिनचे ग्राहक त्यांच्यात कमी आढळले. दूरचं बक्षीस या मेंदूला पुरेसं खेचत नाही. सहा महिन्यांनी येणारा निकाल फिका वाटतो आणि आत्ता वाजलेली नोटिफिकेशन ठसठशीत. आळस, बेफिकिरी, लाडावलेपण हे शब्द इथे चुकीचे तर आहेतच, शिवाय ते मुलांचं नुकसानही करतात.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी कित्येक वर्षं एक मुद्दा लावून धरला आहे. एडीएचडीत माणसाला काय करायचं हे ठाऊक असतं, ते नेमक्या वेळी हातून होत नाही. म्हणून उपदेशाचा उपयोग थोडा. वेळ, आठवण आणि लगाम या गोष्टी डोक्यातून बाहेर काढून, काम जिथे करायचं तिथे, डोळ्यांसमोर मांडाव्या लागतात. अभ्यासिका नेमकं हेच करते: ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि शेजारी वाचत बसलेला माणूस.

हा शेजारचा माणूस महत्त्वाचा. कुणीतरी नुसतं सोबत बसलं की काम पुढे सरकतं, हा एडीएचडी असलेल्या कितीतरी जणांचा अनुभव आहे. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी लोक व्हिडिओ कॉल लावून अनोळखी माणसासमोर काम करतात. या उपायाच्या मोठ्या नियंत्रित चाचण्या फारशा झालेल्या नाहीत, पण दुसऱ्याच्या उपस्थितीचा परिणाम हा मानसशास्त्रातला जुना विषय आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकलस्वारांच्या वेळा तपासल्या. एकट्याने चालवण्यापेक्षा सोबत कुणी असताना त्या चांगल्या निघत होत्या. १९६५ साली रॉबर्ट झायोन्क यांनी त्यात एक खुबी दाखवली: सोबतीने सरावाचं काम सुधारतं, नवं आणि अवघड काम मात्र बिघडू शकतं. यावरून एक साधा अंदाज बांधता येतो. जुने पेपर सोडवणं, उत्तरं लिहून पाहणं यासाठी अभ्यासिका उत्तम. पहिल्यांदाच समजून घ्यायचा प्रकरणाचा गाभा मात्र शिक्षकांजवळ किंवा मित्राशी मोठ्याने बोलून उलगडलेला बरा.

नुसतं खणात जाऊन बसल्याने सगळं होत नाही. स्टीव्हन सॅफ्रन यांनी प्रौढांसाठी वर्तनोपचाराची पद्धत बसवली आणि २०१० साली औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ जणांवर ती तपासली. १२ बैठकांच्या या उपचाराने विश्रांतीची तंत्रं शिकवलेल्या गटापेक्षा अधिक फरक पडला. त्यातली एक युक्ती कुणालाही करता येईल. आधी न उठता, न भरकटता आपण किती वेळ काम करतो ते घड्याळ लावून मोजायचं. बारा मिनिटं निघाली तर कामाचे बारा मिनिटांचे तुकडे पाडायचे. शेजारी एक वही उघडी ठेवायची. मध्येच "आईला फोन करायचा राहिला", "रिचार्ज संपत आला" असं काही आठवलं की एका ओळीत लिहायचं आणि परत गणिताकडे वळायचं. तुकडा संपल्यावर वही बघायची. मघाशी तातडीच्या वाटलेल्या बऱ्याच गोष्टी तेव्हा तितक्या तातडीच्या उरत नाहीत.

दुसरी युक्ती 'जर-तर'ची. जर्मनीत कॅटरिना गॉव्रिलोव आणि पीटर गोलविट्झर यांनी २००८ साली एडीएचडी असलेल्या मुलांवर ती तपासली. "मी मोह आवरीन" हा नुसता निश्चय कमी पडत होता. "अमुक दिसलं, तर मी तमुक करीन" अशी नेमकी योजना आधी ठरवून दिली, तेव्हा मुलांना स्वतःला थांबवणं जास्त जमलं. "शेजारचा चहाला उठला, तर मी हातातला प्रश्न संपवून मगच उठीन," हे अभ्यासिकेतल्या मुलाच्या फार कामाचं वाक्य आहे.

आवाजाचं प्रकरण मोठं मजेदार आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि कूलरची घरघर सुरू होते. ती कुणाला नकोशी होते, तर कुणाचं त्याशिवाय लक्षच लागत नाही. २००७ साली स्वीडनमधल्या योरान सोडरलुंड आणि सहकाऱ्यांनी मुलांना एकसुरी आवाजात स्मरणाची कामं दिली. एडीएचडी असलेल्यांची कामगिरी सुधारली आणि इतरांची घसरली. २०२४ साली अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. त्यातही हाच कल दिसला, फक्त परिणाम छोटा होता. त्यामुळे "शांततेतच अभ्यास होतो" हा नियम सगळ्यांना सारखा लागू करण्यात अर्थ नाही.

परीक्षा जवळ आली की एक धोकादायक वाटही खुणावते: मित्राकडून मिळालेली लक्ष वाढवणारी गोळी. मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली लिआंद्रो पानिझोन यांनी तयार केलं. निदान झालेल्या रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. भारतात ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. २०२३ साली मेलबर्न विद्यापीठातल्या एलिझाबेथ बोमन यांच्या गटाने ४० निरोगी तरुणांना अशी औषधं देऊन अवघड कोडी सोडवायला लावली. तरुणांनी मेहनत जास्त केली, पण उत्तरांचा दर्जा घसरला. औषधाविना सरासरीहून चांगलं करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण औषध घेतल्यावर सरासरीखाली आले. निदानाविना घेतलेली गोळी हुशार मुलांचंच जास्त नुकसान करू शकते.

निदानासाठी नंदनवनातून लांब जावं लागत नाही. 'मेडिकल' आणि 'मेयो' ही दोन्ही शासकीय रुग्णालयं शहरातच आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मिळते. डॉक्टर मोबाइलवरची प्रश्नावली पाहून निदान करत नाहीत. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून होती का, घर आणि कॉलेज अशा किमान दोन ठिकाणी ती दिसतात का, झोप, चिंता, नैराश्य किंवा थायरॉइडचा त्रास तर नाही ना, हे सगळं पाहिलं जातं. म्हणून आई-वडिलांना सोबत नेलेलं आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं जवळ ठेवलेली बरी. मुलींच्या बाबतीत हे विशेष जपावं. त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करत नाही.

कायद्यात मात्र फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. ज्यांना अध्ययन अक्षमताही आहे, त्यांना त्या प्रमाणपत्राचा आधार मिळू शकतो. ज्यांना केवळ एडीएचडी आहे, त्यांच्या हाती त्या यादीतलं काहीच लागत नाही. ही उणीव लवकर भरून निघायला हवी.

तोवर कॉलेजांना आणि अभ्यासिकांना बिनखर्चाचं काही करता येईल. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या हालचाली मोजल्या. एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलत होती, तितकी त्यांची कार्यकारी स्मृती चांगली चालत होती. इतर मुलांत नेमकं उलट दिसलं. मोठ्यांनाही ते तसंच्या तसं लागू पडतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण पाय हलवणाऱ्या, दर वीस मिनिटांनी उठून गॅलरीत चक्कर मारणाऱ्या मुलाला "बसवत नाही तर येतो कशाला" असं सुनावण्याऐवजी दाराजवळचा खण द्यावा. मागच्या भिंतीशी उभं राहून वाचता येईल असं एक उंच टेबल ठेवावं. आणि फोन ठेवायला कुलपाचे कप्पे असतील, तर ते खणांपासून जितके दूर ठेवता येतील तितके बरे.