रोप लावल्यानंतरची तीन वर्षे

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर किंवा बाणेर-पाषाणच्या टेकडीवर उन्हाळ्यात सकाळी फिरायला येणाऱ्या अनेकांच्या हातात पाण्याचा कॅन दिसतो. हे पाणी प्यायचे नसते, ते वाटेवरच्या ठरलेल्या रोपांसाठी वर नेले जाते. देशी झाडे लावून ती जगवणारे लहान-मोठे गट या टेकड्यांवर वर्षानुवर्षे काम करत आहेत. त्यांत निवृत्त मंडळी असतात, नोकरदार असतात, महाविद्यालयातली मुलेमुलीही असतात. टेकड्यांची जमीन काही ठिकाणी वनखात्याची, काही ठिकाणी महापालिकेची, तर काही ठिकाणी खासगी मालकीची आहे. पुणे महापालिकेत १९९७ साली आलेल्या २३ गावांमधील सुमारे ९७८ हेक्टर डोंगरउतारांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण असून राज्य शासनाने ते २०१५ मध्ये मंजूर केले. जमीन कोणाची आहे ते पाहून परवानगी घेणे हे अशा कोणत्याही गटाचे पहिले काम असते. वनजमिनीवर चांगल्या हेतूनेही परस्पर खड्डा खणता येत नाही.

या टेकड्या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या आहेत. वर मातीचा पातळ थर आणि खाली मुरूम. पुण्याला वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडाला मुळांच्या बळावर काढावे लागतात. सालई, मेडशिंग, धावडा, खैर, हिवर, वारस, पांढरूख, गणेर, पळस ही इथली मूळची झाडे हे करू शकतात. यांतली बहुतेक उन्हाळ्याआधी पाने गाळून पाण्याचा खर्च थांबवतात. पांढऱ्या सालीचा, पर्णहीन पांढरूख मार्चमध्ये वाळलेला वाटतो, पण तो पूर्ण जिवंत असतो. या हवेशी, खडकाशी आणि इथल्या कीटक-पक्ष्यांशी ज्यांचे हजारो वर्षांचे नाते आहे, ती झाडे देशी.

मग टेकड्यांवर सर्वांत जास्त गिरिपुष्प का दिसते? हे झाड मध्य अमेरिकेतले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उघडे डोंगर लवकर हिरवे करण्यासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. फांदी खोचली तरी ते जगते, गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, शिवाय त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र साठते. धूप थांबवण्यात त्याचा उपयोग झाला हे मान्य करायला हवे. पण त्याच्या दाट सावलीत इथल्या झाडांची रोपे वर येत नाहीत. म्हणून जाणते गट गिरिपुष्पाची सरसकट तोड मागत नाहीत. रीतसर परवानगीने फांद्यांची विरळणी करायची, मधल्या जागेत देशी रोपे वाढवायची आणि ती मोठी झाली की विदेशी झाडे टप्प्याटप्प्याने कमी करायची, हाच मार्ग शहाणपणाचा आहे. शहरी भागात झाड तोडण्यावर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची बंधने आहेत, हेही विसरून चालत नाही.

झाड कोणते लावावे यापेक्षा ते कुठे लावू नये हे कळायला जास्त अभ्यास लागतो. टेकडीच्या माथ्यावरचा गवताळ भाग अनेकांना ओसाड वाटतो. तो ओसाड नसतो. कुसळीसारख्या गवतांत चंडोल आणि तित्तिर जमिनीवर घरटी करतात, पावसाळ्यात तिथेच कंदवर्गीय वनस्पती आणि जमिनीवर वाढणारी आमरे फुलतात. अशा जागी ओळीने खड्डे घेणे म्हणजे एक निसर्ग मोडून त्यावर दुसरा लादणे होय, मग लावलेले झाड देशी का असेना.

रोपांची तयारी आदल्या वर्षीच सुरू होते. बहुतेक गट टेकडीवरचेच बी गोळा करतात, कारण तिथल्या जुन्या झाडाचे बी त्या जमिनीला सरावलेले असते. प्रत्येक बियाण्याची तऱ्हा वेगळी. बहाव्याच्या बीचे कवच इतके टणक असते की ते घासून किंवा गरम पाण्यात भिजवून घेतल्याशिवाय लवकर रुजत नाही. जांभळाची बी मात्र ताजी असतानाच पेरावी लागते, वाळली की गेली. सालईच्या बियांतल्या थोड्याच रुजतात, म्हणून तिची फांदी लावणे सोयीचे पडते.

लागवड जून-जुलैत, जमीन चांगली भिजल्यावर होते. पिशवी ब्लेडने उभी चिरून मातीचा गड्डा न फोडता रोप खड्ड्यात ठेवतात. पिशवीच्या तळाशी गोल फिरलेली मुळे कापून टाकावी लागतात, नाहीतर ती पुढेही गोलच वाढतात आणि मोठे झालेले झाड वाऱ्यात कलते. उताराच्या खालच्या बाजूला दगडमातीचा अर्धगोल बांध घालून आळे केले की वरून वाहत येणारे पाणी रोपापाशी थांबते. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटे थर देतात, तो खोडाला चिकटू न देता. दिवाळीनंतर पाणी घालणे सुरू होते. रोज ओंजळभर पाण्याने मुळे वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाच-दहा लिटर पाणी सावकाश जिरवले तर मुळे ओलाव्यामागे खोल जातात. दुसऱ्या वर्षी दोन पाण्यांतले अंतर वाढवायचे, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बहुतेक झाडे आपली आपण तगतात. वृक्षारोपणाच्या दिवशी शेकडो माणसे जमतात, छायाचित्रे निघतात. पुढच्या एप्रिलमध्ये कॅन घेऊन चढणारी दहा-पंधरा माणसेच ती झाडे जगवतात.

पावसाळ्यात कामाचा मोठा वाटा तणांचा. गाजर गवताची नोंद पुण्यात १९५०च्या दशकात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. ते फुलावर येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटावे लागते. अनेकांना त्याची त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. घाणेरी अधिक चिवट. नुसती कोयत्याने छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. पहारीने बुंधा खालून उचकटून काढला तरच ती जाते. पण तिच्या जाळीत बुलबुलासारखे पक्षी आसरा घेतात, तेव्हा आधी घरटे आहे का ते बघायचे, एका वेळी थोडाच पट्टा मोकळा करायचा आणि तिथे लगेच करवंद, धायटी, मुरुडशेंग अशी देशी झुडपे लावायची. जागा रिकामी सोडली तर घाणेरी पुन्हा येते.

उन्हाळ्याचा मोठा शत्रू वणवा. फेकलेली विडी किंवा मुद्दाम लावलेली काडी तीन वर्षांची मेहनत तासाभरात संपवते. त्यामुळे थंडी सरताना गट वनखात्याला विचारून लागवडीभोवती गवत काढून जाळरेषा आखतात. आग लागल्यावर ओल्या फांद्यांनी ती झोडपून विझवली जाते, मात्र वाऱ्याच्या दिशेला उभे न राहण्याची शिस्त त्यात पाळावीच लागते.

या कष्टाचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसते. बाकी रान वाळलेले असताना पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी त्यांवर गर्दी करतात. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, बहाव्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंटच्या. गिरिपुष्पाच्या पानांवर या अळ्यांचा निभाव लागत नाही.

माणसांपासून जपण्याचेही काम असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपटा आणि त्याच्यासारखी पाने असलेला कांचन, दोन्हींच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्यामुळे काही ठिकाणी स्वयंसेवक त्या रात्री पहारा देतात. या कामात हातभार लावू इच्छिणाऱ्यांनी घरून रोप नेऊन परस्पर लावू नये. जवळच्या गटाला किंवा वनरक्षकाला भेटून आधीच लावलेले एखादे झाड पुढच्या दोन उन्हाळ्यांसाठी मागून घ्यावे.