पातूरची पाटी आणि कायद्याचे शब्द

कायद्यात एखाद्या गोष्टीचा उल्लेखच नसेल, तर तिला बंदी समजायची की मोकळीक? शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरून हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

पाटीवर मराठी आणि तिच्या खाली उर्दू. एका माजी नगरसेविकेने उर्दूला हरकत घेतली. १९५६ पासून येथे उर्दूचा वापर होत आला आहे, असे सांगून नगरपरिषदेने २०२० मध्ये ती बहुमताने फेटाळली. जिल्हाधिकाऱ्यांनी हरकत मान्य केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयानेही पाटी कायम ठेवली.

दरम्यान २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या राजभाषेचा कायदा आला. कारभार मराठीत चालवावा, असे तो सांगतो. 'मराठीतच म्हणजे दुसरी भाषा नको,' असा अर्थ अर्जदारांनी लावला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी तो अमान्य केला. मराठी सक्तीची आहे, पण तिच्या जोडीला उर्दू लिहिण्यास कायद्यात मनाई नाही. भाषा धर्माची नसते, लोकांची असते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

आपल्याला ही विचारपद्धत अनोळखी नाही. मनाईची दलील नसेल तर व्यवहारातील गोष्ट मुळात मुबाह, हा फिकहमधील प्रसिद्ध कायदा आहे. बंदी सांगणाऱ्याने आधार दाखवावा.

आणि कायद्याची मराठी तरी कुठून आली? फिर्याद, वकील, जामीन, वारस, मुदत, दस्तऐवज हे शब्द अरबी-फारसीतून आले. बुलढाण्याच्या कोर्टात उभा राहणारा शेतकरी ते आपली मायबोली म्हणूनच बोलतो.

या निकालातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. कोणी 'कायद्यात बसत नाही' म्हटले, तर आवाज न चढवता 'कोणते कलम?' असे विचारावे आणि ते स्वतः वाचावे. दुसरे, ते वाचण्याइतकी मराठी आपल्या मुलांना आली पाहिजे. उर्दू शाळेतल्या मुलामुलींना मराठीत अर्ज, तक्रार, माहिती अधिकाराचे पत्र लिहिता यावे, याची जबाबदारी आपण शिक्षक-पालकांची आहे. पाटीवर उर्दू टिकली. कायद्याचे कलम समजून घ्यायला मराठीही पक्की हवी.