परदेशप्रवास, उतारवय आणि आजाराचा विमा



आपल्या ह्या व्याख्यानांचे दिवस आणि वडीलधाऱ्या मंडळींनी परदेशी मुलांकडे जाण्याचे दिवस साधारणपणे एकच असतात. तिकडील थंडी सरते, नातवंडांच्या सुट्ट्या जवळ येतात, आणि इकडे मेतकूट, भाजणी व लोणच्याच्या बरण्यांनी पेट्या भरू लागतात. पेटीचे वजन नियमापेक्षा अधिक होऊ नये म्हणून ती चारचारदा काट्यावर चढविली जाते. परंतु त्याच पेटीत विमापत्र नावाचा जो कागद जातो, तो बहुधा न वाचताच जातो. मुलाने पाठविला, आपण ठेवला. ह्या कागदाविषयी चार गोष्टी आज सांगावयाच्या आहेत. विशेषतः ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार ह्यांपैकी काही आधीपासूनच जडलेले आहे, त्यांच्यासाठी.

आरंभी एक साधा प्रश्न घेऊ. विमा कशाचा उतरवितात? जे घडेल की नाही हे ठाऊक नाही, त्याचा. घराला आग लागेल म्हणून विमा उतरविता येतो. लागलेल्या आगीचा उतरविता येत नाही. आता साठीसत्तरीच्या माणसाला दहा वर्षांपासून मधुमेह असेल, तर कंपनी म्हणते, ‘ही आग आधीच लागलेली आहे.’ कंपनीच्या भाषेत ह्याला ‘पूर्वीपासून असलेला आजार’ म्हणतात. आपल्याकडील आरोग्यविम्यासाठी नियामक प्राधिकरणाने २०२४ साली केलेल्या व्याख्येप्रमाणे, विमा सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान झाले किंवा ज्यावर सल्ला वा उपचार घेतले, तो हा आजार. परदेशी कंपन्यांच्या व्याख्या निराळ्या असतात. कोणी दोन वर्षे मागे पाहते, कोणी त्याहून अधिक. म्हणून विमापत्र हाती आले की प्रथम ही व्याख्या शोधावी.

घरच्या आरोग्यविम्यात अशा आजारासाठी काही वर्षे थांबावे लागते आणि मग संरक्षण मिळते. प्रवाशाला ह्या सोयीचा उपयोग नाही. तो सहा महिन्यांत परत येणार. शिवाय घरचा विमा सामान्यतः देशाबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. म्हणून प्रवासाचा विमा हे वेगळेच प्रकरण आहे, आणि ते वेगळेपणाने समजून घेतले पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला? तेथे वृद्धांसाठी सरकारी व्यवस्था असते ना? व्यवस्था आहे, परंतु ती तेथील रहिवाशांसाठी. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर नावाची योजना आहे. तिचा कायदा १९६५ साली झाला. मुलाकडे चार महिने राहावयास गेलेल्या पाहुण्याला तिचा लाभ नाही. तेथील १९८६ च्या एका कायद्यान्वये तातडीच्या प्रसंगी रुग्णालयाने पैशाचा विचार न करता रोग्याला तपासले पाहिजे आणि त्याची प्रकृती स्थिर केली पाहिजे. हा कायदा दार उघडतो. बिल माफ करीत नाही. ते नंतर घरी येतेच. ब्रिटनमध्ये अपघात विभागातील उपचार पाहुण्यालाही विनामूल्य आहेत. परंतु विशेष करार नसलेल्या देशाच्या पाहुण्याला रुग्णालयात दाखल करून घेतले, तर ठरलेल्या दराच्या दीडपट आकार लागतो. युरोपातील शेंगेन देशांनी तर प्रवेशपत्रासाठीच निदान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा केला आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही, आणि खर्च तर तेथेच सर्वांत अधिक.

विमापत्रे मुख्यतः दोन जातींची असतात. पहिल्या जातीत प्रत्येक बाबीची रक्कम आधीच ठरलेली असते: खोलीचे दिवसाला इतके, शस्त्रवैद्याचे इतके. हप्ता कमी, म्हणून ही स्वस्त वाटते. समजा, साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक तीन दिवस रुग्णालयात राहिले, खोलीचा आकार दिवसाला ४,००० डॉलर झाला आणि विमापत्रात दिवसाला १,५०० डॉलर लिहिले आहेत. मग नुसत्या खोलीपोटी ७,५०० डॉलर मुलाच्या खिशातून गेले. दुसरी जात एकंदर बिलाचा वाटा उचलणारी. समजा, बिल २०,००० डॉलरचे आहे. पहिले २५० डॉलर आपण द्यावयाचे, पुढील ५,००० पैकी पाचवा हिस्सा म्हणजे १,००० आपण द्यावयाचे, आणि उरलेले सर्व कंपनीने. आपल्या वाट्यास १,२५० आले, कंपनीच्या वाट्यास १८,७५०. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु हप्त्यात वाचलेले थोडेसे पैसे बिलात कसे अनेकपटींनी निघून जातात, ते ह्यावरून ध्यानात यावे. आपल्याकडील काही विमापत्रांतही साठीनंतर अशा बाबवार मर्यादा लागू होतात. वरती मोठ्या अक्षरांत पन्नास हजार डॉलर आणि आत बारीक अक्षरांत मर्यादा, असा तो प्रकार असतो.

आता मुख्य गाठ सोडवू. पूर्वीचा आजार असेल तर काहीच मिळत नाही का? तसे नाही. आपल्याकडील कित्येक विमापत्रे त्या आजारामुळे प्राणावर बेतले तर ठराविक मर्यादेपर्यंत खर्च देतात. अमेरिकेतील पाहुण्यांच्या विमापत्रांत ‘पूर्वीच्या आजाराचा अचानक उद्भव’ असे कलम असते. ह्यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. उद्भव अचानक हवा. म्हणजे पूर्वसूचना नसावी. तो विमा सुरू झाल्यानंतरचा हवा. आणि बहुतेक ठिकाणी चोवीस तासांच्या आत उपचार घेतलेले असावे लागतात. रक्तदाब असलेल्या माणसाला एकाएकी पक्षाघात झाला, तर ते ह्या कलमात बसू शकते. मधुमेह हळूहळू वाढत गेला, नेहमीची औषधे संपली, गुडघा महिनाभर दुखत होता, हे बसत नाही. नेहमीच्या तपासण्याही बसत नाहीत. शिवाय हे कलम वयाशी बांधलेले असते. सत्तरीनंतर रक्कम घटते आणि ऐंशीनंतर कित्येक ठिकाणी ते नाहीसेच होते.

ह्या चोवीस तासांपाशी मला जरा थांबावयाचे आहे. आपल्याकडील आई काय करते? रात्री छातीत कळ येते. तिला वाटते, मुलगा दिवसभर काम करून झोपला आहे, सून सकाळी लवकर उठणार, आणि येथील डॉक्टर म्हणजे केवढा खर्च! ती जिरेपाणी घेऊन पडून राहते. दुसरा दिवसही ‘आता बरे आहे’ म्हणून काढते. ह्यात दोन घात होतात. हृदयविकारात पहिले तासच मोलाचे असतात, ते वाया जातात. आणि विमापत्रातील मुदतही टळून जाते. मुलाचे पैसे वाचविण्यासाठी गप्प बसणारी आई त्याचे पैसे वाचवीत नाही आणि जीव मात्र धोक्यात घालते. विमा कशासाठी घ्यावयाचा, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन, मध्यरात्री मुलाला संकोच न करता हाक मारता यावी म्हणून. बाकीचे हिशेब त्यानंतरचे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. अर्ज भरताना शेजारी बसलेला कोणीतरी हमखास सांगतो, ‘मधुमेह लिहू नका हो, हप्ता वाढेल.’ हा सल्ला घातक आहे. विम्याचा करार परम विश्वासाचा मानलेला आहे. १७६६ साली इंग्लंडात सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा खटला चालला, तेव्हा लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनी हे तत्त्व स्पष्ट केले. आणि ते दोन्ही पक्षांना बांधणारे आहे असेही सांगितले. आपल्याकडेही तोच न्याय आहे. २००९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. त्यात विमेदाराने जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार अर्जात लपविला होता. न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरविला.

ह्याच्या उलट २०२१ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने दिलेला निर्णय पाहा. एक गृहस्थ २००९ साली लग्नासाठी अमेरिकेस निघाले. त्यांना मधुमेह होता, आणि तो त्यांनी विमा घेताना सांगितला होता. वैद्यकीय तपासणी झाली, विमापत्र मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीने पूर्वीच्या आजाराचे कारण दाखवून पैसे नाकारले. न्यायालयाने म्हटले, जो आजार सांगितला होता आणि जो ठाऊक असूनही तपासणीनंतर कंपनीने विमापत्र दिले, त्याच आजाराचा आधार घेऊन मागाहून नकार देता येणार नाही. न्याय मिळावयास बारा वर्षे लागली, हे खरे. परंतु तो मिळाला तो अर्जातील एका खऱ्या उत्तराच्या बळावर. लपविणाऱ्याच्या हाती हे बळही राहत नाही.

ह्यावरून करावयाच्या गोष्टी आपोआप निघतात. अर्ज स्वतः वाचून भरावा, निदान वाचून घेऊन मगच सही करावी, आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून आजार, औषधांची मूळ नावे व प्रमाण लिहिलेले पत्र घ्यावे. औषधे मुक्कामाहून थोडी अधिक दिवसांची, चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत न्यावीत. मोठी पेटी कधीकधी भलत्याच गावी जाते. कंपनीचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक मुलगा, सून आणि आपण, तिघांकडेही असावा. दुखणे जीवघेणे नसेल, तर कंपनीच्या यादीतील दवाखाना आधी विचारून घ्यावा. जीवघेणे असेल तर आधी रुग्णालय, आणि मग दूरध्वनी.

एवढे करूनही भारतीय कंपनीने नकार दिला, तर प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, आणि त्यासाठी फी नाही, वकीलही लागत नाही. परदेशी कंपनीचे विमापत्र घेतले असेल, तर हे दार आपल्याला नाही, एवढे घेतानाच ध्यानात ठेवावे.

उतारवयात आजार असणे ही काही शरमेची गोष्ट नव्हे. आयुष्यभर आपण मुलांना खरे बोलावयास शिकविले. अर्जाच्या त्या एका रकान्यातही तेवढेच खरे लिहावे. पेटी भरून झाली की काट्यावर चढवण्यापूर्वी अर्धा तास ते विमापत्र घेऊन बसावे, आणि जे कळणार नाही ते विचारावे. मग निश्चिंतपणे विमानात बसावे. नातवंडे वाट पाहत आहेत.