ट्रेलरचा घोडा आणि पाचवे चाक

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर लांबलचक ट्रेलरवरून कंटेनर नेणारी वाहने आपण पाहिली असतील. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तेव्हापासून या भागात ती नित्याचीच झाली आहेत. नीट पाहिले तर हे एक वाहन नसून दोन असतात. पुढे इंजिन आणि केबिन असलेला आखूड भाग, त्याला ड्रायव्हर मंडळी ‘घोडा’ म्हणतात. मागे ट्रेलर. ट्रेलरला मागच्या बाजूस चाके असतात, पुढे मात्र एकही नसते. त्याचे पुढचे टोक घोड्याच्या पाठीवर टेकलेले असते आणि घोडा काढून घेतला की ते दोन लोखंडी पायांवर उभे राहते.

हे दोन भाग कशाने जोडलेले असतात, असे वर्गात विचारून पाहा. साखळ्या, मोठमोठे बोल्ट अशी उत्तरे येतील. प्रत्यक्षात सगळी जोडणी एका पोलादी खुंटीवर असते. ट्रेलरच्या तळाला, पुढच्या बाजूस, ही खुंटी खाली तोंड करून बसवलेली असते. तिला किंगपिन म्हणतात. तिची मान नेहमीच्या ट्रेलरवर दोन इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर जाडीची असते व मानेखाली थोडे रुंद डोके असते. घोड्याच्या पाठीवर वंगण फासलेली एक जाड तबकडी असते, तिला मागच्या बाजूने खाच असते आणि खाचेच्या टोकाशी जबडा. खुंटी खाचेतून आत सरकली की जबडा तिच्या मानेभोवती मिटतो. या तबकडीला ‘पाचवे चाक’ म्हणतात. नाव घोडागाडीच्या काळचे आहे. चार चाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे कडे बसवत, ते पाचवे चाक. घोडे गेले, नाव राहिले.

एवढी बारीक खुंटी पुरते का? गणित करून पाहू. समजा, भरलेल्या ट्रेलरचे वस्तुमान ३२ टन आहे, खुंटीपासून मागच्या चाकांचे अंतर ८ मीटर आणि गुरुत्वमध्य खुंटीपासून ६ मीटरवर आहे. तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर २४ टन आणि घोड्याच्या पाठीवर ८ टन भार येईल. हे ८ टन तबकडी पेलते, खुंटी नव्हे. खुंटीला फक्त आडवे बल सोसायचे असते. ट्रेलरचे ब्रेक अजिबात लागले नाहीत आणि घोड्याने एकट्याने दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी केला, तर ते बल ९६,००० न्यूटन होईल. मानेचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४,८०० न्यूटन. चांगले पोलाद याच्या कितीतरी पट सोसते. तेव्हा खुंटी तुटेल ही भीती फारशी नाही. खरा प्रश्न आहे तो खुंटी जबड्यात आहे की नाही हा.

एका कंटेनर यार्डात मी उभा असताना हा प्रश्न माझ्यासमोरच आला. ड्रायव्हरने घोडा मागे घेत ट्रेलरखाली घातला. ‘खट्’ असा आवाज झाला. “लागला, उस्ताद!” असे ओरडून क्लीनर ट्रेलरचे पाय वर उचलण्यासाठी हँडल फिरवायला धावला. “थांब, हात लावू नको,” ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. त्याने इंजिन बंद केले, चाकांखाली ठोकळे आहेत ना ते पाहिले आणि वाकून बॅटरीचा झोत टाकला. ट्रेलरचा तळ आणि तबकडी यांच्यामध्ये दोन बोटे मावतील एवढी फट होती.

ट्रेलर गरजेपेक्षा उंच उभा होता. बहुधा आधी तो ज्या घोड्याने आणला, त्याची पाठ उंच असावी. अशा वेळी खुंटी जबड्याच्या वरून सरकते. जबडा मिटतो, आवाजही होतो, पण मिठीत मान येत नाही. फार तर डोक्याची कड येते. कपडे वाळत घालायच्या चिमट्यात एखादा बोल्ट आधी मानेला आणि मग डोक्याच्या कडेला पकडून हिसका द्या, म्हणजे फरक कळेल. वाईट गोष्ट अशी की गाडी यार्डातून निघतेही. सुटते ती एखाद्या खड्ड्यावर किंवा वळणावर, आणि तेव्हा मागे मोटारसायकलवाला असू शकतो.

म्हणून ट्रेलर तबकडीपेक्षा किंचित खाली हवा, म्हणजे घोडा आत शिरताना तो थोडा उचलला जातो व दोन्ही पृष्ठभाग घट्ट टेकतात. जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे आणि घोड्याला खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढायचे. पण अर्धवट पकडही कधी कधी हा हिसका सोसते, म्हणून डोळ्यांनी पाहणे चुकत नाही. फट नसावी आणि जबडा मानेभोवतीच मिटलेला दिसावा. ट्रेलरचे पाय उचलायचे ते हे सगळे झाल्यावरच. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. पाय खाली असताना जोडणी सुटली तर ट्रेलर जागच्या जागी उभा राहतो. पाय आधीच उचलले असतील तर आठ टनांचे नाक जमिनीवर आदळते. घोडा मागे येत असताना दोहोंच्या मध्ये कोणी उभे राहायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. तरी उभे राहणारे मी पाहिले आहेत.

ब्रेकच्या नळ्यांची गोष्टही शिकवण्याजोगी आहे. ट्रेलरकडे हवेच्या दोन नळ्या जातात. लाल नळी टाकीत दाबाखालची हवा भरत राहते, दुसरी ड्रायव्हरच्या पायाचा हुकूम पोचवते. स्प्रिंगब्रेक असलेल्या ट्रेलरवर हवेचा दाब स्प्रिंगला मागे रेटून धरतो. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. म्हणजे हवा ब्रेक लावत नाही, सोडवते. नळी तुटली तर गाडी पळत नाही, थांबते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये आगगाडीसाठी आणलेल्या ब्रेकची यंत्ररचना वेगळी होती, पण त्यातही मुख्य नळीतला दाब कमी झाला की ब्रेक लागत. नळ्यांची अदलाबदल झाली तर टाकी भरतच नाही आणि स्प्रिंगब्रेक सुटत नाहीत, त्यामुळे चूक लगेच कळते. पण स्प्रिंगब्रेक नसलेला जुना ट्रेलर असेल आणि टाकी रिकामी असेल, तर चाके मोकळी फिरतात आणि गाडी ट्रेलरच्या ब्रेकशिवाय रस्त्याला लागू शकते.

यार्डातल्या ड्रायव्हरने जबडा सोडवून घोडा बाहेर काढला. क्लीनरने हँडल उलटे फिरवून ट्रेलर थोडा खाली घेतला. दुसऱ्या खेपेलाही तसाच ‘खट्’ आवाज झाला. या वेळी क्लीनर स्वतःच बॅटरी घेऊन वाकला.