हिवाळी टायरांविषयीचे काही रूढ समज

पुणे, नाशिक वा नागपूर येथून नोकरीनिमित्त कॅनडात जाऊन टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. आणि ज्या गृहस्थाने पंक्चर, हवा आणि ‘अजून किती दिवस चालतील’ या तीन प्रश्नांपलीकडे टायरसंबंधी विचार करण्याची तसदी आजवर घेतली नव्हती, त्याच्यावर तेथील पहिल्या हिमवर्षावासरशी रबराचे रसायन, चाकाची भूमिती आणि प्रांताप्रांतांचे भिन्न कायदे यांचा एकाच आठवड्यात अभ्यास करण्याची पाळी येते. एवढी सवड कोणालाच नसते. तेव्हा तो शेजाऱ्याच्या सल्ल्यावर भिस्त ठेवतो. आणि शेजाऱ्याचा सल्ला बहुधा सद्‌हेतूचा असला तरी बहुधा अर्धवटही असतो.

या सल्ल्यांची छाननी केली असता असे आढळते की, वरकरणी परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक गैरसमजांच्या मुळाशी एकच दृष्टिदोष आहे: मोटार बर्फातून पुढे जाते की नाही, एवढ्या एका कसोटीवर टायरचा निकाल लावला जातो. वस्तुतः मोटार पुढे गेली नाही तर फार तर कामावर पोहोचण्यास उशीर होतो. ती थांबली नाही किंवा वळली नाही, तर काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. कोरड्या डांबरावर घर्षणांक सुमारे ०.८, दाबून बसलेल्या हिमावर ०.२५ आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ धरून हिशेब केला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यापासून अनुक्रमे सुमारे १२, ३९ आणि ९८ मीटरांवर थांबते. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होते. इंजिनाच्या अश्वशक्तीचा या हिशेबात कोठेही प्रवेश नाही. जो काही फरक पडायचा तो मोटारीचा भूमीशी संबंध जोडणाऱ्या, तळहाताएवढ्या चार रबरी ठशांमुळेच पडतो.

म्हणूनच, ‘माझ्या मोटारीची चारही चाके इंजिनाने फिरतात, मला हिवाळी टायर कशाला हवेत?’ हा प्रश्न जितका आत्मविश्वासाने विचारला जातो तितकाच तो निराधार असतो. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवण्याची योजना मोटार जागची हलवण्यास आणि चढ चढण्यास निःसंशय उपकारक आहे. परंतु ब्रेक सर्वच मोटारींचे चारही चाकांवर लागतात, त्यामुळे थांबण्याच्या वेळी या महागड्या यंत्रणेच्या मालकाला शेजारच्या साध्या मोटारीहून काहीच अधिक मिळत नाही. उलट निसरड्या रस्त्यावरही आपण सहज वेग घेऊ शकतो, या अनुभवाने त्याला रस्त्याच्या खऱ्या स्थितीचा अंदाज येईनासा होतो. ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचीही हीच मर्यादा आहे: उपलब्ध पकडीचा ती विवेकाने विनियोग करते, नवी पकड निर्माण करीत नाही.

दुसरा रूढ समज असा की, बर्फ पडला तरच हिवाळी टायरांचा उपयोग. हा समज अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या डांबरावर टिकावे अशा बेताने सिद्ध केलेले असते. थंडी वाढत जाते तसतसे ते ताठर होत जाते आणि रस्त्याच्या सूक्ष्म खाचाखोचांत शिरून बसण्याची त्याची क्षमता कमी होते. हिवाळी टायरचे मिश्रण नीच तापमानातही लवचीक राहील असे योजलेले असते. सात अंश सेल्सिअसची जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते, ती मात्र एक व्यावहारिक अदमास आहे, निसर्गाचे फर्मान नव्हे. आठ अंशांवर सुरक्षित असलेला टायर सहा अंशांवर एकाएकी निकामी होत नाही. कोरड्या रस्त्यावर तर सातच्या खालीही चांगला उन्हाळी टायर काही काळ बरा थांबतो. पण सकाळचे दंव, पुलावर गोठलेले पाणी आणि दुपारचा चिखलमिश्रित बर्फ हे तिन्ही एकाच दिवशी भेटू शकणाऱ्या प्रदेशात इतका सूक्ष्म विचार करीत बसणे व्यर्थ आहे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला उलटी वाटते. उणे वीस अंशांच्या कडाक्यात रस्ता सर्वांत धोक्याचा असेल असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात शून्याच्या आसपासचा, पाण्याचा पातळ थर अंगावर वागवणारा बर्फ अधिक दगाबाज असतो, आणि फार थंड बर्फावर पकड त्या मानाने पुष्कळ बरी मिळते. तसेच, टायरच्या नक्षीत हिम भरून राहिले की पाहणारा ‘टायर भरला, आता घसरणार’ असे म्हणतो; पण ताज्या हिमाला हिमच उत्तम धरून ठेवते. नक्षीच्या ठोकळ्यांवर कापलेल्या केसासारख्या बारीक चिरा आणि रुंद खाचा या हिमाला पकडून ठेवण्यासाठीच असतात.

आता टायरच्या कडेवर छापलेल्या अक्षरांकडे वळू, कारण खरेदीत सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. उत्तर अमेरिकेत ज्यांना ‘ऑल-सीझन’ म्हणतात, त्या टायरांवर बहुधा ‘एम+एस’, म्हणजे चिखल आणि हिम, अशी अक्षरे असतात; ती पाहून ग्राहकाची समजूत होते की हिमासाठी या टायरची कोणीतरी रीतसर परीक्षा घेतली आहे. तशी परीक्षा घेतलेली नसते. ती अक्षरे केवळ नक्षीच्या आकारावरून आणि खाचांच्या प्रमाणावरून देण्यात येत आली आहेत. तीन शिखरांच्या पर्वतात हिमस्फटिक दाखवणारे चिन्ह मात्र वेगळे. १९९९ साली अमेरिका आणि कॅनडा येथील रबर-उत्पादकांच्या संघटनांनी ते सुरू केले, आणि दाबलेल्या हिमावरील चाचणीत प्रमाणभूत टायरच्या १०० गुणांसमोर किमान ११० गुण मिळवणाऱ्या टायरलाच ते लावण्याची मुभा ठेवली. एवढे वाचून वाचकाची खातरजमा झाली असेल, तर तिला येथे थोडा धक्का द्यावा लागतो: ती मूळ अमेरिकी चाचणी पुढे ओढण्याच्या पकडीची आहे. ज्या दृष्टिदोषाचा वर उल्लेख केला, तो असा खुद्द प्रमाणचिन्हातही शिरला आहे. घट्ट बर्फावर थांबणे आणि वळणे यांविषयी ते चिन्ह काहीच सांगत नाही. आणि म्हणूनच हे चिन्ह मिरवणारा बारमाही ‘ऑल-वेदर’ टायर व अस्सल हिवाळी टायर कागदोपत्री सारखे दिसले तरी बर्फावर सारखे असतीलच असे नाही. युरोपीय संघाने १ मे २०२१ पासून टायरच्या माहितीपत्रकावर बर्फावरील पकडीचे स्वतंत्र चिन्ह आणले, ते या दृष्टीने अधिक समंजस म्हटले पाहिजे.

कायद्यांची तऱ्हा अशी की एका प्रांतात असलेली सक्ती दुसऱ्यात नसते. क्विबेक प्रांताने तेथे नोंदलेल्या मोटारींसाठी २००८ साली हिवाळी टायर बंधनकारक केले. आरंभी ही मुदत १५ डिसेंबरपासून होती, २०१९ पासून ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. शेजारच्या ऑन्टारिओत असे बंधन नाही. तेथे २०१६ पासून विमा कंपन्यांनी हिवाळी टायर बसवणाऱ्याला हप्त्यात सूट दिली पाहिजे एवढीच तजवीज आहे, आणि ही सूट मागितल्यावाचून पदरात पडेल असे कोणी समजू नये. जर्मनीत तारखांची सक्ती नसून रस्त्याच्या स्थितीची आहे; ऑक्टोबर ते ईस्टर हा तेथील लोकांचा संकेत आहे, कायदा नव्हे. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून पर्वतचिन्ह नसलेला निव्वळ ‘एम+एस’ टायर तेथे हिवाळी म्हणून चालत नाही, हे श्टुटगार्ट-म्युनिक भागात चाकरीस गेलेल्या आपल्या अभियंत्यांनी जुनी मोटार विकत घेताना ध्यानी ठेवावे.

खर्च वाचवण्यासाठी दोनच हिवाळी टायर घेण्याची कल्पना तर दृष्टिदोषाचा कळसच आहे. पुढची चाके मोटार ओढतात, म्हणून पुढेच दोन बसवले, तर मोटार निघते झकास. पण वळणावर किंवा उतारावर ब्रेक मारताना पुढील चाके रस्ता धरून राहतात, मागील चाके सुटतात आणि संपूर्ण मोटार स्वतःभोवती गरकन फिरते. दोनच मागे बसवले तर सुकाणू वळवूनही मोटार सरळच जात राहते. चार घ्यावेत, एकाच जातीचे घ्यावेत. या बाबतीत तडजोडीला जागा नाही.

चाकांचा, म्हणजे रिमचा प्रश्न याहून बारीक आहे. रुंद टायर म्हणजे अधिक पकड, ही कोरड्या रस्त्यावरची समजूत हिमात बहुतांशी उलटते: अरुंद टायर मऊ हिम आणि चिखलबर्फ कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, रुंद टायर त्यावर तरंगू लागतो. म्हणून हिवाळ्यासाठी एक-दोन इंच लहान रिम आणि अधिक उंच कडेचा, अरुंद टायर घेण्याचा प्रघात आहे. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ या टायरचा बाह्य व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर भरतो, २०५/५५ आर १६ चा ६३२ आणि १९५/६५ आर १५ चा जवळजवळ ६३४.५, तेव्हा वेगदर्शक काट्याला या बदलाचा पत्ताही लागत नाही. शिवाय उंच कडेचा टायर खड्ड्यात रिमला सांभाळतो आणि स्वस्तही पडतो. परंतु लहान रिममध्ये ब्रेकची यंत्रणा मावते की नाही, हे मोटारीच्या पुस्तिकेतील मान्य मापांवरून पडताळूनच घ्यावे लागते.

‘पाच नटांचे चाक पाच नटांच्या मोटारीला बसते’ या समजापायी जुनी चाके विकत घेणारे पुष्कळ फसतात. ५×११२ आणि ५×११४.३ यांत भोकांच्या वर्तुळाच्या व्यासाचा फरक जेमतेम दोन मिलिमीटरांचा. डोळ्यांना तो दिसत नाही, आणि दांडगाईने नट आवळले तर चाक बसल्यासारखे भासते, पण बोल्टांवर तिरका ताण राहतो. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर मधे बसवायची कडी लागते, नाहीतर सुकाणू थरथरते. ऑफसेट, म्हणजे चाक हबवर टेकते ती पातळी चाकाच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे ते अंतर, चुकले की टायर आतील सांध्याला किंवा बाहेरील मडगार्डला घासतो. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट नटाच्या बुडाची: काही मोटारींत ते शंकूसारखे निमुळते, काहींत चेंडूसारखे गोल असते, एकाच्या जागी दुसरे वापरले तर घट्ट आवळलेला नटही पुढे ढिला पडतो. नवी चाके बसवल्यावर शंभरेक किलोमीटरांनी नट मापाच्या पान्याने पुन्हा तपासावेत.

हिवाळ्यात लोखंडी रिमच चांगले आणि अलॉय थंडीने तडकते, असेही सांगितले जाते. ॲल्युमिनिअम थंडीने ठिसूळ होणाऱ्या धातूंपैकी नाही. अलॉयचा खरा शत्रू रस्त्यावर पसरलेले मीठ, जे लेपावरील ओरखड्यातून आत शिरून धातू खाते. लोखंडी रिमही त्याच मिठाने गंजते, फक्त त्या गंजाचे कोणाला दुःख होत नाही. लोखंडाचा लाभ स्वस्ताई हा आहे, आणि तो पुरेसा आहे.

हवेविषयी दोन शब्द. हिमात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला वाळूत फसलेल्या जीपसाठी असेल, शहरातील रस्त्यासाठी नव्हे. थंडी स्वतःच हवा कमी करते: २० अंशांवर ३३ पौंड भरलेला टायर उणे २० अंशांवर, एक कणही न गळता, २६-२७ पौंडांवर येतो. हवा टायर थंड असताना तपासून मोटारीवर लिहिलेल्या आकड्याला आणावी.

खिळ्यांच्या टायरांचे आकर्षण काहींना असते. ओल्या, गुळगुळीत बर्फावर ते खरोखर श्रेष्ठ आहेत. पण उघड्या डांबरावर ते गोंगाट करतात, रस्ता खरवडतात आणि त्याची धूळ लोकांच्या फुफ्फुसांत जाते. जपानने १९९० साली याच कारणास्तव कायदा केला, स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर २०१० पासून त्यांना मज्जाव आहे, जर्मनीत बंदी आहे, आणि ऑन्टारिओत ते केवळ उत्तर भागातच चालतात. फिनलंडमधील कारखान्याने १९३४ साली जगातील पहिला हिवाळी टायर मालमोटारींसाठी केला, तेव्हा त्याला खिळे नव्हते, जाड आडवी नक्षी होती. आजही टोरंटोसारख्या शहरात तेवढा मार्ग पुरतो.

जुना टायर घेताना कडेवरील चार आकडी क्रमांक वाचावा: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर वयाने कडक झालेले असते. जर्मनीत कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिलिमीटर लागते, आणि शहाणपण ऑस्ट्रियाच्या बाजूला आहे. चार मिलिमीटरांखाली गेलेला टायर ‘आता उन्हाळ्यात झिजवून टाकू’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर झपाट्याने झिजते आणि थांबण्यास अधिक अंतर घेते. दोन जोड आलटूनपालटून वापरले तर दोन्ही अर्ध्यानेच झिजतात, म्हणून दुसऱ्या जोडाचा खर्च वाटतो तेवढा नाही. एप्रिलमध्ये उतरवलेली चाके कोणत्या बाजूची, पुढची की मागची, हे खडूने त्यांच्यावरच लिहून ठेवावे, आणि रिमसह असतील तर अंधाऱ्या थंड जागी एकावर एक रचावीत, रिमशिवाय असतील तर उभी ठेवावीत.