मर्फी घुमतोय का?

मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यातच होता. ठाणे-डोंबिवलीच्या माळ्यांवर त्याचा व्हॉल्व्ह-सेट अजूनही सापडतो. तो थेट प्लगमध्ये खुपसू नका! आधी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. अखंड ‘घूंऽऽ’ येत असेल, तर बहुधा फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत: ५० हर्ट्‌झची वीज फुल-वेव्ह रेक्टिफायरमधून १०० हर्ट्‌झची लाट होऊन निघते आणि ती सपाट करायला कुणी उरत नाही. आवाजाचं बटण फिरवताना खरखर? बहुतेक वेळा धूळच; कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे. व्हॉल्व्ह बिचारे उगाच बदनाम. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये २५० व्होल्टच्या आसपास दाब टिकू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरने तपासूनच आत हात घाला.