जीपच्या टपावरची काठी

रावेरहून पालकडे, यावल अभयारण्याच्या बाजूला जाताना एखाद्या जीपच्या टपावर बारीक काठी उभी दिसली, तर ती नीट पाहा. ती बिनतारी यंत्राची एरियल. तिची लांबी मनाला येईल तशी ठेवलेली नसते.

समजा, यंत्र १५० मेगाहर्ट्‌झवर चालते. रेडिओतरंग सेकंदाला ३० कोटी मीटर जातात. त्याला १५ कोटींनी भागा. तरंगलांबी आली २ मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ५० सेंटिमीटर, एवढी काठी पुरते. २७ मेगाहर्ट्‌झसाठी हाच हिशेब करा : सुमारे पावणेतीन मीटर! बाभळीच्या फांद्यांत ती अडकणारच.

पण निम्मी एरियल तुम्हांला दिसलीच नाही. ती म्हणजे पत्र्याचा टप! आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे तो काठीचा उरलेला अर्धा भाग पुरवतो. म्हणून टपाचा मध्य ही उत्तम जागा. बंपरवर काठी बसवली, तर गाडीचे धूड आड येते आणि एका बाजूला हाक क्षीण होते. कापडी हुडाच्या जीपला मात्र बॉनेटच्या पत्र्यावर भागवावे लागते.

यंत्राला वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून द्यावी. एरियल जोडल्याखेरीज बोलण्याचे बटण दाबू नये. बाहेर न पडलेली शक्ती मागे फिरते आणि यंत्र जळू शकते.

एवढे करूनही धुळ्याच्या सपाटीवर दूर पोचणारी हाक सातपुड्याच्या दरीत विरते, कारण हे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगरमाथ्यावर पुनःक्षेपक असेल, तर तो ऐकलेले लगेच दुसऱ्या कंप्रतेवर पुढे धाडतो. नसेल, तर वणव्याची खबर द्यायला जीप आधी टेकडीवर चढवावी लागते.